एका गाठीत दोन गाठी: ॲड्रिनलच्या एमआरआयचे एक प्रकरण

ऑपरेशन सहा दिवसांवर आले होते. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात तीन सेंटिमीटरचा कर्करोग, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा. छातीतल्या लसिका ग्रंथींमध्ये काही नाही, मेंदूचा एमआरआय स्वच्छ. रुग्णाचे वय 63, हृदय आणि श्वासाची क्षमता ऑपरेशन पेलेल इतकी चांगली. अडलेले होते एकाच ठिकाणी: मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत 3.4 बाय 2.6 सेंटिमीटरची गाठ होती. छातीच्या सर्जननी मला फोन केला. "पसरलेला कॅन्सर आहे की साधी गाठ, एवढंच सांगा. साधी असेल तर मी ठरल्या दिवशी लोब काढतो. नसेल तर छाती उघडण्यात अर्थ नाही."

रेडिओलॉजिस्टला हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पोटाच्या सीटीमध्ये शंभरातल्या चार-पाच प्रौढांच्या ॲड्रिनलमध्ये गाठ सापडते आणि वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. त्यातल्या बहुतेक गाठी ॲडिनोमा असतात, म्हणजे ग्रंथीच्या बाह्यकाची (बाहेरच्या थराची) निरुपद्रवी वाढ. पण फुप्फुसाचा कर्करोग ज्या ठिकाणी हमखास पसरतो त्यात ॲड्रिनलही आहे. म्हणून कर्करोगाच्या रुग्णात "बहुधा साधीच असेल" या वाक्याला काही किंमत उरत नाही. दोन्ही शक्यता खऱ्या असतात आणि दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण यात आकडे बरोबर होते आणि त्या आकड्यांवरून निघणारा निष्कर्ष चुकीचा ठरणार होता. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

माझ्याकडे आले तेव्हा दोन तपासण्या हातात होत्या. पहिली सीटी. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे रंगद्रव्य) न देता केलेल्या सीटीत गाठीची घनता 16 हाउन्सफील्ड युनिट होती. एकसारखी दिसणारी गाठ 10 किंवा त्याहून कमी युनिटची असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. ॲडिनोमाच्या पेशींत मेदाचे बारीक थेंब भरलेले असतात, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके बनवायला लागणारा कोलेस्टेरॉलचा साठाच तो, आणि मेदामुळे घनता खाली येते. पण साधारण तीस टक्के ॲडिनोमांत मेद कमी असतो आणि त्यांची घनता 10 च्या वर जाते. तिथे त्या इतर गाठींत मिसळून जातात. 16 हा आकडा नेमका या मधल्या पट्ट्यातला. दुसरी तपासणी पेट-सीटी. गाठीत साखरेचे शोषण यकृतापेक्षा किंचित जास्त, रिपोर्टात "अनिश्चित". हेही बरोबरच होते, कारण काही ॲडिनोमाही साखर ओढतात.

वॉशआउट सीटी करता आली असती: कॉन्ट्रास्ट द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी तो गाठीतून किती धुऊन गेला ते मोजायचे. मी एमआरआय निवडला. 10 ते 30 युनिटच्या गाठींत केमिकल शिफ्ट एमआरआय चांगले उत्तर देतो, 30 च्या पुढे गेले की त्याची ताकद झपाट्याने कमी होते. शिवाय मला गाठीचा आतला भाग बघायचा होता, आणि त्यासाठी एमआरआयसारखे दुसरे साधन नाही.

तंत्र जुने आहे. 1984 साली डिक्सन यांनी त्याची मूळ कल्पना मांडली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते ॲड्रिनलसाठी वापरात आले. पाण्यातले प्रोटॉन आणि मेदातले प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात अगदी एकाच वेगाने फिरत नाहीत. फरक दहा लाखांत साडेतीन भागांचा, म्हणजे दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे 220 फेऱ्यांचा. त्यामुळे दर 2.3 मिलिसेकंदांनी त्यांची जोडी पालटते. 2.3 ला दोघे एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला असतात, 4.6 ला पुन्हा एकाच दिशेला. एका दिशेला असताना दोघांच्या सिग्नलची बेरीज होते, हे इन-फेज चित्र. उलट असताना वजाबाकी होते, हे आउट-ऑफ-फेज चित्र.

सगळी मेख त्या वजाबाकीत आहे. पाणी आणि मेद एकाच वॉक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एकाच सूक्ष्म ठोकळ्यात, शेजारी शेजारी असतील तरच ती होते. ॲडिनोमाच्या पेशीत मेद पाण्यात विखुरलेला असतो, म्हणून अख्खी गाठ आउट-ऑफ-फेजमध्ये काळवंडते. मायलोलिपोमासारख्या गाठीत निव्वळ चरबीचे ढेकूळ असते. तिथे वजा करायला पाणीच नसते, म्हणून ढेकूळ तसेच उजळ राहते आणि फक्त त्याच्या काठावर शाईने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत असा मेद नसतो. दोन्ही चित्रांत त्यांची गाठ जवळपास सारखीच दिसते.

रुग्णाला खोकला होता. पहिल्या फेरीत मध्येच श्वास सुटला आणि चित्रे हलली. इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज ही दोन्ही चित्रे एकाच श्वासात घ्यावी लागतात. ती वेगवेगळ्या श्वासांत घेतली तर डायफ्रॅम खालीवर सरकतो आणि आपण गाठीच्या दोन वेगळ्या कापांची तुलना करत बसतो. तंत्रज्ञाने इंटरकॉमवर सांगितले, "काका, घाई नाही. श्वास पूर्ण सोडा... आता थांबा." श्वास भरून धरण्यापेक्षा सोडून थांबले की डायफ्रॅम दर वेळी जवळपास त्याच जागी येतो. चौदा सेकंद त्यांनी नेटाने काढले.

आणखी एक गोष्ट मी दर वेळी स्वतः तपासतो: उलट दिशेचे चित्र आधीच्या वेळेचे आहे ना. 2.3 आधी, 4.6 नंतर. काळ जाईल तसा सिग्नल आपोआप थोडा विझतोच. उलट दिशेचे चित्र नंतरच्या वेळी घेतले तर हे विझणे मेदाच्या खात्यावर जमा होते आणि मेद नसलेली गाठही ॲडिनोमा वाटू लागते.

मग मोजमाप. नेहमीच्या पद्धतीने मी गाठीच्या जवळपास पूर्ण क्षेत्रावर वर्तुळ ठेवले. इन-फेजमध्ये सिग्नल 413, आउट-ऑफ-फेजमध्ये 292. घट 29.3 टक्के. साधारण 16.5 टक्क्यांच्या वर घट असली तर ॲडिनोमा, अशी दीड टेस्लाच्या यंत्रासाठी प्रचलित मर्यादा आहे. दुसरा हिशेब प्लीहेशी तुलना करून करतात. प्लीहेत मेद नसतो, म्हणून ती स्थिर मापदंड धरली जाते; यकृत चरबीयुक्त असू शकते, म्हणून ते टाळतात. प्लीहा आउट-ऑफ-फेजमध्ये 345, इन-फेजमध्ये 340. गाठ आणि प्लीहा यांचे गुणोत्तर 0.70 आले. 0.71 च्या खाली म्हणजे ॲडिनोमा.

दोन्ही हिशेब एकच सांगत होते. (प्लीहेच्या हिशेबाला एक खाच आहे ती इथेच सांगतो. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या प्लीहेत लोह साठते आणि इन-फेज चित्र उशिराचे असल्यामुळे त्यात प्लीहाच काळी पडते. मग गुणोत्तर खोटे खाली येते आणि पसरलेला कर्करोग साधा ठरतो. अशा रुग्णात पाठीच्या स्नायूशी तुलना करावी. या रुग्णाच्या प्लीहेचे दोन आकडे जवळजवळ सारखे होते, म्हणजे ती अडचण नव्हती.)

रिपोर्टाचा मसुदा मी सुरू केला होता. "मेदयुक्त ॲडिनोमाशी सुसंगत" हे शब्द टाइप झाले होते. चित्रे मिटण्याआधी दोन्ही शेजारी लावून पुन्हा पाहिली आणि आउट-ऑफ-फेजच्या चित्रात नजर अडकली. गाठीचा मागचा आणि बाहेरचा भाग कोळशासारखा काळा झाला होता. पुढच्या, आतल्या अंगाला मात्र एक गोलसर तुकडा तसाच राखाडी उरला होता. इन-फेजमध्ये तो शेजारच्या भागाशी इतका मिसळून गेलेला होता की सीमा कळत नव्हती. एक चित्र दुसऱ्यातून वजा केले तेव्हा गाठ स्पष्टपणे दोन भागांची दिसली.

वर्तुळे वेगळी काढली. मागचा मोठा भाग: 420 वरून 252, घट 40 टक्के. पुढचा 1.6 सेंटिमीटरचा भाग: 396 वरून 385, घट 2.8 टक्के. प्लीहेशी गुणोत्तर मागच्या भागाचे 0.59, पुढच्याचे 0.96. पहिले 29.3 हे या दोघांचे मिश्रण होते. मोठ्या भागाने सरासरी इतकी ओढून नेली होती की लहान भाग तिच्यात बुडाला. जुन्या सीटीवर त्याच जागांवर पुन्हा मापे घेतली: मागे 7 युनिट, पुढे 35. म्हणजे 16 हा आकडाही असाच मिश्रणाचा होता आणि दोन्ही तपासण्यांनी मला एकाच पद्धतीने चकवले होते. पेटमध्ये वाढलेले शोषणही पुढच्याच अंगाला होते. पेटची चित्रे मुळात जाडीभरडी, त्यामुळे ते पूर्ण गाठीवर पसरल्यासारखे दिसले होते.

आता हा राखाडी तुकडा काय असू शकतो? पहिली शंका घेतली ती तो ॲड्रिनलमध्येच आहे का याची. डाव्या बाजूला जठराची पिशवीसारखी बाहेर आलेली भिंत, प्लीहेची वळणदार रक्तवाहिनी, स्वादुपिंडाचे शेपूट हे सगळे ॲड्रिनलची सोंगे घेतात. कोरोनल, म्हणजे समोरून पाहिल्यासारख्या चित्रात तुकडा ग्रंथीच्या आवरणाच्या आतच होता आणि ग्रंथीची एक शाखा त्याला वेढून जात होती. जुना रक्तस्राव? मेदाचा सिग्नल दाबून घेतलेल्या टी-1 चित्रात तो उजळ नव्हता. चरबीचे ढेकूळ? तसे असते तर त्याच चित्रात तो काळा पडला असता, तसेही झाले नाही. टी-2 चित्रात तो मागच्या भागापेक्षा जरा उजळ होता. दिव्याच्या बल्बसारखा लखलखीत नव्हता, पण त्यावरून फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनालिनसारखी संप्रेरके बनवणारी गाठ, नाकारता येत नाही. ते लखलखणे पाठ्यपुस्तकात जितके हमखास असते तितके प्रत्यक्षात नसते. पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या डिफ्यूजन चित्रात तो उठून दिसत होता, तरी त्याला मी फारसे वजन दिले नाही. डिफ्यूजनच्या मापांत साध्या आणि घातक ॲड्रिनल गाठी एकमेकींत फार मिसळतात.

उरल्या दोन शक्यता. एक, याच ॲडिनोमाचा मेद कमी असलेला भाग. दुसरी, ॲडिनोमाच्या पोटात येऊन बसलेला फुप्फुसाचा कर्करोग. याला कोलिजन ट्यूमर म्हणतात: दोन वेगळ्या जातींच्या गाठी एकाच ठिकाणी चिकटून वाढलेल्या. हा प्रकार दुर्मिळ आहे.

रिपोर्टात मी "ॲडिनोमा" शब्द फक्त मागच्या भागासाठी ठेवला. पुढच्या भागाबद्दल लिहिले की त्यात पेशींतला मेद आढळत नाही, मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरून आलेला कर्करोग) नाकारता येत नाही आणि उपचार ठरवण्याआधी याच भागातून नमुना घ्यावा. जागा नेमकी लिहिली, चित्रावर बाण काढून पाठवला आणि सर्जनना फोन केला.

टीमच्या बैठकीत माझ्या एका सहकाऱ्याने कडक आक्षेप घेतला आणि तो वाजवी होता. ॲडिनोमात मेद एकसारखा पसरलेला असतोच असे नाही, ठिगळासारखी घट रोज दिसते. दुर्मिळ निदानाच्या मागे लागून बरा होऊ शकणाऱ्या माणसाचे ऑपरेशन लांबवायचे का? माझे उत्तर असे होते: ठिगळे असतात तेव्हा ती विस्कटलेली, धूसर काठांची असतात. इथे एकच गोल तुकडा होता, काठ रेखीव, घट जवळपास शून्य आणि पेटचे शोषण नेमके तिथेच. तरीही चित्रावरून मी पैजेवर सांगू शकत नव्हतो. पेशी पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणाचेच म्हणणे पुढे जाणार नव्हते.

सुई घालण्याआधी एंडोक्रिनॉलॉजिस्टनी संप्रेरकांच्या तपासण्या करून घेतल्या आणि यात घाई करू दिली नाही. फिओक्रोमोसायटोमाला नकळत सुई टोचली तर रक्तदाब जिवावर बेतेल असा भडकू शकतो. रक्तातली मेटानेफ्रिन्स, म्हणजे या गाठीत वाढणारी द्रव्ये, सामान्य आली. रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी घेतलेले कॉर्टिसॉल 1.3 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होते, 1.8 च्या खाली, म्हणजे गाठ चोरून कॉर्टिसॉल बनवत नव्हती. रुग्ण रक्तदाबाची गोळी घेत असत, म्हणून अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही पाहिले. तेही ठीक.

ऑपरेशन पुढे ढकलले गेले आणि घरच्यांना ते झेपले नाही. मुलगा माझ्याकडे आला. "डॉक्टर, एवढा मोठा एमआरआय करूनसुद्धा कळलं नाही?" मी त्याला आणि वडिलांना दोन्ही चित्रे स्क्रीनवर शेजारी लावून दाखवली. मेद असला की काळे पडते, एवढेच सांगितले. वडील थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनी बोट नेमके राखाडी तुकड्यावर ठेवले. "हा काळा पडला नाही. म्हणजे याचीच भीती आहे ना?" त्यानंतर नमुन्याची गरज समजावून सांगावी लागली नाही.

नमुना घेण्याची वाट चित्रानेच ठरवली. पाठीमागून सीटीच्या मदतीने सुई नेली असती तर तिला आधी मागचा ॲडिनोमा पार करावा लागला असता. वाटेत घेतलेल्या ॲडिनोमाच्या पेशी पाहून पॅथॉलॉजिस्टने प्रामाणिकपणे "साधी गाठ" लिहिले असते. डावी ॲड्रिनल जठराच्या मागेच असते आणि संशयित भाग पुढच्या अंगाला होता. म्हणून एंडोस्कोपीने जठरात सोनोग्राफीचा प्रोब नेऊन तिथल्या भिंतीतून 22 गेजची सुई घातली. पुढच्या भागातून दोन वेळा नमुना घेतला. नंतर वेगळ्या सुईने मागच्या भागातून एकदा घेतला आणि तो वेगळ्या बाटलीत ठेवला. हे वेगळे ठेवणे मी आग्रहाने करून घेतले. दोन्ही एकाच बाटलीत गेले असते तर माझ्या पहिल्या वर्तुळाने जे केले तेच पुन्हा झाले असते.

चौथ्या दिवशी उत्तर आले. पुढच्या भागात कर्करोगाच्या पेशी, टीटीएफ-1 आणि नॅप्सिन-ए या फुप्फुसाकडे बोट दाखवणाऱ्या दोन्ही खुणा सकारात्मक, फुप्फुसातल्या बायोप्सीशी मिळत्याजुळत्या. मागच्या भागात मेदाच्या फुग्यांनी भरलेल्या ॲड्रिनल बाह्यकाच्या पेशी, ॲड्रिनल बाह्यकाची खूण असलेले एसएफ-1 सकारात्मक, कर्करोगाचा मागमूस नाही.

छातीबाहेर एकच मेटास्टॅसिस, म्हणजे कर्करोगाचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीत एम-1-बी. थेट ऑपरेशनचा विचार मागे पडला आणि औषधोपचार आधी सुरू झाले. एकच ठिकाण असल्यामुळे, प्रतिसाद चांगला आला तर फुप्फुस आणि ॲड्रिनल दोन्हींवर स्थानिक उपचार करण्याचा दरवाजा टीमने उघडा ठेवला.

दरम्यान मुलाने घरातल्या कागदांतून एक जुनी सीडी शोधून आणली. सहा वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी केलेली सीटी. डाव्या ॲड्रिनलमध्ये तेव्हाही गाठ होती, 2.2 सेंटिमीटरची, घनता 6 युनिट. जागा नेमकी आजच्या मागच्या भागाची, आणि पुढे काहीच नव्हते. ही सीडी पहिल्या दिवशी मिळाली असती तर काय झाले असते, हा विचार मी अनेकदा केला आहे. "गाठ जुनीच आहे, 6 युनिटची आहे, सावकाश थोडी वाढली" असे म्हणून आम्ही सगळे तिथेच थांबण्याचा धोका होता, कारण ॲडिनोमा वर्षांच्या हिशेबाने थोडे वाढतातही. जुनी चित्रे मी नेहमी मागवतो आणि मागवत राहीन. पण गाठ जुनी आहे एवढ्यावरून तिच्यात नवे काही आलेले नाही असे ठरत नाही. आकाराची तुलना करताना वाढ कोणत्या अंगाला झाली ते आता मी वेगळे लिहितो.

हे तंत्र आणखी एका ठिकाणी उलटे फसवते. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात आणि यकृताच्या कर्करोगात पेशींतच मेद असू शकतो. तिथून ॲड्रिनलमध्ये आलेली गाठ आउट-ऑफ-फेजमध्ये काळी पडते आणि हुबेहूब ॲडिनोमा दिसते. ॲड्रिनलच्या स्वतःच्या कर्करोगातही अधूनमधून मेदाचे पुंजके असतात. म्हणून मूळ कर्करोग कोणता हे विनंतीपत्रावर लिहिलेले नसेल तर मी फोन करून विचारतो. या रुग्णाचा मूळ कर्करोग मूत्रपिंडाचा असता तर काळा पडलेला मागचा भागही मी साधा म्हणू शकलो नसतो.

चार महिन्यांनी तपासणीसाठी ते पुन्हा आले. खोकला कमी झाला होता, श्वास पहिल्याच फेरीत नीट थांबला. पूर्ण गाठ आता 3 सेंटिमीटर भरत होती, आधी 3.4. उपचारांचा प्रतिसाद मोजायच्या रेसिस्ट 1.1 या पद्धतीत अंशतः प्रतिसाद म्हणायला व्यासांच्या बेरजेत किमान 30 टक्के घट लागते. पूर्ण गाठ धरली तर घट जेमतेम 12 टक्के, म्हणजे "स्थिर". आउट-ऑफ-फेज चित्र उघडले. मागचा भाग तसाच काळा, घट 39 टक्के, आकारात फरक नाही. पुढचा राखाडी तुकडा 1.6 सेंटिमीटरवरून 7 मिलिमीटरवर आला होता. मोजपट्टीची दोन टोके मी फक्त त्याच्यावर ठेवली आणि रिपोर्टात तोच आकडा लिहिला.